शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे दहाच्या दहापट नव्हे

लशीचा दहा मायक्रोग्रॅम डोस दिलेल्या उंदरांच्या गटातला आकडा आणि शंभर मायक्रोग्रॅमच्या गटातला आकडा जवळपास सारखा आला, की लगेच म्हणावंसं वाटतं, ‘चला, डोसचा परिणाम इथे थांबला.’ ही घाई करू नये. आधी एलिस्पॉटची (प्रतिसाद देणारी प्रत्येक पेशी एकेक ठिपका म्हणून मोजणाऱ्या चाचणीची) प्लेट परत भिंगाखाली घ्यावी. शंभरच्या गटाच्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खड्ड्यांत, ठिपके एकमेकांत मिसळून सगळा जांभळा चिखल झालेला दिसला, तर डोसचा परिणाम थांबलेला नाही, आपली मोजपट्टी संपली आहे. त्याच पेशी वेलमागे पाच लाखांऐवजी एक लाख टाकल्या की ठिपके सुटे दिसायला लागतात आणि दोन गटांतला फरक वर येतो. म्हणून आम्ही प्रत्येक नमुना दोन घनतांवर लावतो. प्लेटा दुप्पट लागतात, खर्च वाढतो, पण खोट्या सपाटीवर निष्कर्ष उभा राहत नाही.

उंदरांवर लशीचा डोस कमी-जास्त करून टी आणि बी पेशी काय करतात ते बघायचं, तर निम्मं काम असल्या खोट्या सपाट्या आणि खोटे चढ ओळखण्याचं असतं. टोचणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

आमची नेहमीची मांडणी साधी आहे. ‘ब्लॅक सिक्स’ जातीच्या माद्या, वय ६ ते ८ आठवडे, वजन १८ ते २० ग्रॅम. प्रतिजन (ज्याविरुद्ध प्रतिसाद हवा तो पदार्थ) म्हणून ओव्हाल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन. ही कुठल्या रोगावरची लस नव्हे. पण या जातीच्या उंदरात ओव्हाल्ब्युमिनचा नेमका कुठला तुकडा सीडी-८ (मारेकरी) टी पेशींना दिसतो ते पक्कं माहीत आहे. तो आठ अमायनो आम्लांचा तुकडा, प्रयोगशाळेतल्या बोलीत ‘सिनफेकल’. त्याचे टेट्रामर, म्हणजे नेमक्या याच पेशींना चिकटून त्या दाखवून देणारे रंगीत रेणू, तयार मिळतात. कोऱ्या उंदराच्या अख्ख्या अंगात हा तुकडा ओळखणाऱ्या सीडी-८ पेशी शे-दोनशेच्या घरात असतात. त्या शे-दोनशेंचं डोसागणिक काय होतं, हा आपला प्रश्न.

डोस हा शब्द मात्र फसवा आहे. प्रतिजन किती, ॲडजुव्हंट (प्रतिसादाला चालना देणारी जोड) किती, कितीशा द्रावणात, कुठे टोचलं, किती दिवसांनी पुन्हा दिलं हे सगळं त्या एका शब्दात दडलेलं असतं. नवखा माणूस हमखास तयार मिश्रण सलाइन घालून दहापट पातळ करतो आणि त्याला ‘एक दशांश डोस’ म्हणतो. त्यात ॲडजुव्हंटही एक दशांश झालेला असतो. मग उत्तर पडलं ते प्रतिजन कमी झालं म्हणून, की टी पेशींना प्रतिजन दाखवणाऱ्या वृक्षिका पेशींना जाग आणणारा धक्काच कमी पडला म्हणून, हे सांगता येत नाही. प्रतिजनाचा डोस तपासायचा असेल तर बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं.

माणसाच्या डोसवरून वजनाच्या हिशेबाने उंदराचा डोस काढायचा, हीसुद्धा एक गैरसमजूत. ६० किलोचा माणूस आणि २० ग्रॅमचा उंदीर, म्हणजे ३००० पटींचा फरक. मॉडर्नाच्या कोविड लशीचा माणसाचा सुरुवातीचा डोस १०० मायक्रोग्रॅमचा. वजनाच्या प्रमाणात उंदराला ०.०३ पुरायला हवं होतं. २०२० मध्ये त्या लशीच्या उंदरांवरच्या चाचण्यांत ०.०१, ०.१ आणि १ मायक्रोग्रॅम असे डोस वापरले, आणि विषाणूला निष्प्रभ करणारी दमदार अँटिबॉडी मिळाली ती १ मायक्रोग्रॅमला. औषध सगळ्या शरीरात पसरतं, लस मुख्यतः टोचल्या जागेजवळच्या लसिका ग्रंथीत काम करते, आणि उंदराची ग्रंथी माणसाच्या ग्रंथीपेक्षा ३००० पटींनी लहान नसते. म्हणून एकच डोस ‘बरोबर’ मानण्यापेक्षा दहा-दहापटींची शिडी लावणं बरं : ०, ०.१, १, १० आणि १०० मायक्रोग्रॅम.

उंदीर ॲनिमल हाउसमधून आले की निदान एक आठवडा त्यांना हात लावायचा नाही. प्रवासाचा ताण, नवं पाणी, नवा वास यांनी अंगातलं कॉर्टिकोस्टेरॉन चढलेलं असतं आणि ते टी पेशींना दाबून ठेवतं. शेपटीला धरून उचलायची जुनी सवय सोडून नळीतून किंवा ओंजळीत उचललं तर उंदीर कमी बिथरतात. आणखी एक गोष्ट कागदावर येत नाही पण निकालात येते, ती म्हणजे पोटातले जंत. साध्या कॉलनीत पिनवर्म सर्रास असतात. जंतांमुळे रोगप्रतिकारशक्तीचा कल आधीच एका बाजूला गेलेला असतो. कॉलनीचा ताजा आरोग्य अहवाल मागून घ्यावा, आणि तो आपल्याच खोलीचा आहे ना, हेही बघावं.

गट पाडताना एक पिंजरा म्हणजे एक गट असं कधीच करू नये. एकाच पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यांच्या आतड्यातले जिवाणू सारखे होतात, आणि मग डोसचा परिणाम कुठला आणि पिंजऱ्याचा कुठला हे वेगळं काढता येत नाही. कान टोचून नंबर द्यायचे, वजनं घ्यायची, मग चिठ्ठ्या टाकून प्रत्येक पिंजऱ्यात सगळ्या डोसांचे उंदीर मिसळायचे. टोचताना चुकायची भीती वाढते हे खरं. त्यावर उपाय म्हणजे एकाने यादी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने टोचायचं.

आता द्रावण. सगळ्यांत जास्त प्रयोग इथेच बिघडतात, आणि बिघडल्याचं कळतं महिन्याभराने.

बाजारातल्या साध्या ओव्हाल्ब्युमिनमध्ये एंडोटॉक्सिन भरपूर असतं. एंडोटॉक्सिन म्हणजे जिवाणूंच्या आवरणाचा तुकडा, आणि तो स्वतःच जोरकस ॲडजुव्हंट आहे. शंभर मायक्रोग्रॅम प्रथिनाबरोबर तो एक मायक्रोग्रॅमच्या शंभरपट जाणार. म्हणजे प्रतिजनाची शिडी म्हणून जी लावली ती खरी एंडोटॉक्सिनची शिडी. मिलिग्रॅममागे १ युनिटपेक्षा कमी एंडोटॉक्सिन असलेलंच प्रथिन घ्यावं आणि कुपी उघडल्यावर एंडोटॉक्सिन मोजणारी लिम्युलस चाचणी आपण परत करावी. ‘फक्त प्रतिजन, ॲडजुव्हंट नाही’ असा गट ठेवलेला असतोच. त्या गटाने जोरात प्रतिसाद दिला, तर आनंद मानण्याऐवजी कुपीवर संशय घ्यावा.

सीडी-८ पेशी बघायच्या असतील तर ॲडजुव्हंट पॉलि-आयसी (दोन धाग्यांचा कृत्रिम आरएनए), दर उंदराला ५० मायक्रोग्रॅम, सगळ्या गटांना सारखा, शून्याच्या गटालासुद्धा. तो विरघळवून ६५ ते ७० अंशांवर १० मिनिटं ठेवायचा आणि टेबलावरच सावकाश निवू द्यायचा, म्हणजे त्याचे दोन धागे नीट जुळतात. घाईत बर्फात खुपसला तर ते अर्धवट जुळतात आणि ताकद घटते.

हिशेब असा. दर उंदराला एकूण १०० मायक्रोलिटर. त्यात निम्मं पॉलि-आयसीचं द्रावण, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. उरलेलं निम्मं ओव्हाल्ब्युमिन, वरच्या गटासाठी मिलिलिटरला २ मिलिग्रॅम. पाच उंदरांच्या गटाला सात उंदरांचा माल करायचा, म्हणजे दोन्ही ३५०-३५० मायक्रोलिटर. खालच्या गटांसाठी ५० मायक्रोलिटर उचलून ४५० मायक्रोलिटर सलाइनमध्ये, असं तीन वेळा उतरत जायचं, दर पायरीला टिप बदलून. पहिल्या नळीत ४०० मायक्रोलिटरपेक्षा थोडं जास्तच हवं, नाहीतर ५० पुढे दिल्यावर वरच्या गटालाच कमी पडतं. सात उंदरांचा माल का, तर साध्या १ मिलिच्या सिरिंजच्या तोंडाशी ५० मायक्रोलिटरच्या आसपास द्रावण दर वेळी अडकून वाया जातं. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई कायमची जोडलेली असते, तिथे हे नुकसान जवळपास नाही. आम्ही २९ किंवा ३० गेजची तीच वापरतो.

०.१ मायक्रोग्रॅमच्या नळीत एक छुपी गळती असते. इतक्या विरळ द्रावणातलं प्रथिन प्लॅस्टिकला चिकटतं आणि तासाभरात खरा डोस लिहिल्यापेक्षा कमी होतो. त्यासाठी प्रथिन न धरणाऱ्या नळ्या घ्यायच्या, मिश्रण ताजं करायचं आणि लगेच टोचायचं. चिकटू नये म्हणून दुसरं एखादं प्रथिन भर घालायचं असेल तर उंदराचंच अल्ब्युमिन घालावं. हाताशी असतं गाईचं, म्हणजे बीएसए, आणि नेमकं तेच कोणीतरी घालतं. गाईचं अल्ब्युमिन उंदराला परकं. त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होते, पुढे एलायझाची (अँटिबॉडी मोजायच्या चाचणीची) प्लेट ब्लॉक करायलाही बीएसएच वापरलेलं असतं, आणि सगळी प्लेट पिवळी होऊन बसते.

अँटिबॉडीची बाजू बघायची असेल तेव्हा आम्ही ॲडजुव्हंट म्हणून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड घेतो. त्याचे कण शरीराच्या सामूवर धन भाराचे आणि ओव्हाल्ब्युमिन ऋण भाराचं, त्यामुळे प्रथिन कणांना धरून बसतं. ते फॉस्फेट बफरमध्ये करू नये. फॉस्फेट त्या कणांवर जाऊन बसतं आणि प्रथिनाला जागा उरत नाही. साध्या सलाइनमध्ये अर्धा तास मंद फिरवायचं, थोडं मिश्रण सेंट्रिफ्यूज करून वरच्या पाण्यातलं प्रथिन मोजायचं. वरच्या पाण्यात बरंच सापडलं तर चिकटलेलं नाही. इथे शंभरच्या गटाकडे जास्त लक्ष द्यावं, कारण ॲल्युमिनियम तेवढंच ठेवून प्रथिन दहापट केलं की कणांवरची जागा संपू शकते. मग एका गटाला चिकटलेलं प्रतिजन मिळतं, दुसऱ्याला बरंचसं मोकळं. आणि हे मिश्रण गोठवायचं नाही. गोठलं की कणांचे गठ्ठे होतात आणि पुन्हा कितीही हलवलं तरी पूर्वीसारखे होत नाहीत. लसीकरण केंद्रावरच्या परिचारिका गोठल्याचा संशय आलेली कुपी मुद्दाम गोठवून वितळवलेल्या कुपीशेजारी ठेवून दोन्ही हलवून बघतात, आणि संशयित कुपी तिच्याइतक्याच किंवा तिच्याहून लवकर खाली बसली तर फेकतात. तीच युक्ती प्रयोगशाळेत तितकीच चालते.

टोचायची जागा शेपटीच्या मुळाशी, कातडीखाली, दोन्ही बाजूंना ५०-५० मायक्रोलिटर. इथून द्रावण जांघेतल्या लसिका ग्रंथींकडे उतरतं. मानेच्या कातडीत टोचलं तर काखेतल्या ग्रंथी काढायला लागतात. मांडीच्या स्नायूत द्यायचं असेल तर एका जागी ५० मायक्रोलिटरपेक्षा जास्त देऊ नये, बाहेर झिरपतं. सुई काढण्याआधी चार-पाच सेकंद थांबायचं. थेंब बाहेर आला तर तो उंदीर वहीत नोंदवायचा. पुढे त्याचाच आकडा खाली पडला म्हणून तेव्हा वगळायचा, हे बरं दिसत नाही. वगळायचे नियम उत्तर बघण्याआधी लिहिलेले हवेत.

मग थांबणं. पहिल्या डोसनंतर सीडी-८ पेशींचा फुगवटा साधारण सातव्या-आठव्या दिवशी टोकाला पोचतो आणि त्यानंतर त्यातल्या ९० ते ९५ टक्के पेशी मरतात. लसिका ग्रंथीतली जननकेंद्रं, जिथे बी पेशी आपली अँटिबॉडी घासूनपुसून धारदार करतात, ती दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमाराला भरात असतात. म्हणजे एकाच दिवशी सगळं मोजायचा हट्ट धरला तर दोहोंपैकी एक हुकणारच. त्यात कमी डोसच्या गटाची घडी मागे असू शकते. फक्त सातव्या दिवशी बघितलं तर ०.१ चा गट निकम्मा वाटतो, दहाव्या दिवशी बघितलं तर तो तेवढा मागे नसतो, आणि तोवर शंभरचा गट उतरणीला लागलेला असतो. दोन दिवस ठरवा, उंदीर दुप्पट लागू द्या. मधल्या काळात गालाच्या शिरेतून रक्त घेता येतं, पण २० ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून दीड मिलिच्या आतबाहेर रक्त असतं. त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वेळी घेऊ नये आणि दोन आठवडे मध्ये जाऊ द्यावेत.

कापायच्या दिवशी प्लीहा आणि दोन्ही जांघांतल्या ग्रंथी बर्फावरच्या माध्यमात. ७० मायक्रॉनच्या गाळणीवर सिरिंजच्या दट्ट्याने हलक्या हाताने घोटायचं. जोर लावला की मेलेल्या पेशींचा डीएनए सुटतो आणि शेंबडासारखे धागे होतात, त्यांत निम्म्या पेशी अडकतात. तांबड्या पेशी फोडायचा एसीके बफर १ मिलि, दोन मिनिटं, फार तर तीन, आणि लगेच १० मिलि माध्यम ओतायचं. पंचवीस प्लीहा असल्या की पहिल्या नळीला दोन मिनिटं आणि शेवटच्या नळीला सात मिनिटं असा प्रकार होतो, आणि नळ्या गटवार रांगेत लावलेल्या असतील तर शेवटचा गट म्हणजे शंभरचा. त्याच्याच पेशी जास्त मेलेल्या निघतात. रांग मिसळून लावावी आणि पाच-पाचच्या घाण्यात काम करावं.

मग पेशी चेतवायला सिनफेकल १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, एक तासानंतर ब्रेफेल्डिन, एकूण पाच-सहा तास ३७ अंशांवर. ब्रेफेल्डिनमुळे पेशीने बनवलेला इंटरफेरॉन-गॅमा बाहेर न जाता आतच साठतो आणि रंगवता येतो. सोबत पेप्टाइड, म्हणजे सिनफेकल, न घातलेली एक नळी हवी. मेलेल्या पेशी ओळखणारा रंग साध्या बफरमध्ये, प्रथिन नसताना द्यायचा, नाहीतर रंग त्या प्रथिनालाच चिकटतो. पेशीला भोकं पाडणारं सॅपोनिन धुतलं की भोकं मिटतात, म्हणून आतल्या रंगाची सगळी धुणी सॅपोनिन असलेल्या बफरमध्येच. टेट्रामर मात्र याच नळीत घालू नये. पेप्टाइडने चेतवलेली पेशी आपला रिसेप्टर आत ओढून घेते आणि टेट्रामरला धरायला काही उरत नाही. चेतवण्याचा आणि टेट्रामरचा, असे दोन वेगळे हिस्से करावेत. शिवाय काही सीडी-८ अँटिबॉडी टेट्रामरच्या वाटेत येतात, म्हणून टेट्रामर आधी, अर्धा तास, मग बाकीचे रंग.

फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर) कमीत कमी ५० हजार सीडी-८ पेशी जमवायच्या. ०.१ टक्का पेशी सापडल्या तर ५० हजारांत त्या ५० असतात. दहा हजारांतच थांबलात तर दहा, आणि दहा-बारा ठिपक्यांवर कमी डोसच्या गटाबद्दल काय बोलणार?

उत्तर येतं तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी वाचायच्या असतात, संख्या आणि गुण. डोस चढवत नेला की टेट्रामर धरणाऱ्या पेशी वाढत जातात आणि मग सपाट होतात. पण त्या पेशी कुठल्या आहेत ते वेगळं बघावं लागतं. प्रतिजनाचा मारा मोठा असला की केएलआरजी-१ मिरवणाऱ्या, आता लढून लवकर मरणाऱ्या पेशींकडे कल जातो. मारा बेताचा असला की सीडी-१२७ राखून असलेल्या, पुढे आठवण म्हणून टिकणाऱ्या पेशींचा वाटा वाढतो. एकाच वेळी इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ आणि आयएल-२ ही तिन्ही संदेशवाहक प्रथिनं बनवणाऱ्या पेशी किती, हेही धरावं. आणि आमच्या मते सर्वांत बोलकी चाचणी तीच जी बहुतेक जण कंटाळून टाळतात : पेप्टाइड एका तीव्रतेवर न देता दहा-दहापटींनी उतरवत सात-आठ पायऱ्यांवर द्यायचं आणि निम्मा प्रतिसाद कुठल्या पायरीवर येतो ते पाहायचं. कमी प्रतिजनावर वाढलेल्या पेशी पुष्कळदा पेप्टाइडच्या अगदी थोड्या मात्रेलाही दाद देतात. प्रतिजन थोडं असलं की ज्यांची पकड घट्ट त्यांनाच ते मिळतं, ढिल्या पकडीच्या पेशी उपाशी राहतात. १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि म्हणजे पेप्टाइडचा पूर आहे, त्यात ढिल्या पकडीच्या पेशीही उजळतात आणि सगळे गट एकसारखे दिसतात.

पीडी-१ बद्दल, म्हणजे पेशीला आवर घालणाऱ्या तिच्या अंगावरच्या खुणेबद्दल, एक इशारा. सातव्या दिवशी शंभरच्या गटात पीडी-१ चढलेला दिसला की ‘जास्त डोसने पेशी थकल्या’ असं लिहायचा मोह होतो. नुकत्याच चेतलेल्या पेशीवरही पीडी-१ येतो. थकवा म्हणायचा तर प्रतिजन संपल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतरही तो टिकलेला दिसायला हवा, जोडीला टिम-३, लॅग-३, टॉक्स यांचीही साक्ष हवी आणि पेशी खरंच कमी काम करताना दिसायला हव्यात.

अँटिबॉडीकडे वळलं की मोजपट्टी संपण्याचा घोळ पुन्हा येतो. सिरम फक्त १:१०० विरळ करून एलायझा केली तर १, १० आणि १०० चे गट तिन्ही गडद. तिप्पट-तिप्पट विरळ करत आठ पायऱ्या उतरल्याशिवाय टायटर (सिरम किती विरळ केलं तरी अँटिबॉडी दिसते तो आकडा) म्हणू नये. आणखी एक सापळा ठरलेला आहे. ब्लॅक सिक्स उंदरात आयजीजी-२ए हा अँटिबॉडीचा उपप्रकार नसतोच, त्या जागी आयजीजी-२सी असतं. बाल्ब-सी उंदरांसाठी आणलेलं २ए चं किट फ्रिजमध्ये पडून असतं, ते वापरलं जातं, आकडे कमी येतात, आणि लस इंटरफेरॉनच्या बाजूचा प्रतिसाद देत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

अँटिबॉडी किती आणि तिची पकड किती हेही वेगवेगळं. प्लेटवर सिरम लावल्यावर ६-७ मोलर युरियाने धुवून किती टिकलं ते बघतात. कमी डोसने पकड घट्ट होते ही गोष्ट जुनी आहे. १९६४ मध्ये आयसेन आणि सिस्किंड यांनी सशांमध्ये ती दाखवली. त्याच वर्षी मिचिसन यांनी उंदरांना ॲडजुव्हंटशिवाय गाईचं अल्ब्युमिन वारंवार देऊन दाखवलं, की फार थोडं दिलं तरी आणि फार जास्त दिलं तरी प्रतिसाद गप्प होतो, मधल्या मात्रेला बोलतो. म्हणजे डोसचा आलेख नेहमी चढून सपाट होणाराच असेल असं धरून चालू नये. अशा आलेखाला दहापटींच्या शिडीत एक पायरी कमी ठेवली तर मधलं टोक दिसतही नाही.

उंदरांच्या संख्येचा हिशेब इथेच उरकतो. गटात तीनच उंदीर ठेवले आणि दोन गट मान-व्हिटनी या क्रमवारीवरच्या संख्याशास्त्रीय चाचणीने ताडले, तर तीनही उंदीर पलीकडच्या तिघांपेक्षा वरचढ असले तरी पी-मूल्य (जितकं लहान तितका फरक योगायोगाचा नसल्याचा भरवसा जास्त) ०.१ च्या खाली जाऊच शकत नाही. चार-चारला ०.०२९, पाच-पाचला ०.००८. उंदीर वाचवले असं वाटतं, प्रत्यक्षात सगळेच वाया गेलेले असतात. प्राणी-नीती समितीलाही हे गणित मांडून दाखवलं की पाचांची मागणी पटते.

दुसरा डोस आम्ही २१ व्या दिवशी देतो. सातव्या दिवशी दिला तर पहिल्या फेरीच्या पेशी अजून लढण्याच्या भरात असतात, जननकेंद्रं चालू असतात, आणि आठवण धरणाऱ्या पेशी तयारच झालेल्या नसतात. डोस आणि अंतर यांची गल्लत किती महागात पडते याचं उदाहरण माणसांतलंच आहे. ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाच्या लशीच्या चाचणीत एका गटाला पहिला डोस निम्मा गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांत त्या गटात संरक्षण ९० टक्के, पूर्ण-पूर्ण डोसच्या गटात ६२ टक्के. निम्मा डोस जास्त चांगला, अशी चर्चा सुरू झाली. पण निम्म्या डोसच्या गटात दोन डोसांतलं अंतरही लांब होतं, आणि पुढच्या विश्लेषणात बराचसा फरक त्या अंतराचा असावा असं दिसलं. पुण्यात बनलेल्या त्याच लशीचं, कोव्हिशील्डचं, अंतर आपल्याकडे मार्च २०२१ मध्ये ६ ते ८ आठवडे आणि मे मध्ये १२ ते १६ आठवडे केलं गेलं. टोचून घेणाऱ्यांना तो नुसता तुटवडा वाटला.

मात्र ‘सातव्या दिवशी देऊ नये’ हा नियम पूर्ण डोसपुरता. तोच डोस फोडून दिला तर गोष्ट बदलते. २०१६ मध्ये एमआयटीच्या गटाने उंदरांत दाखवलं, की तेवढंच प्रतिजन एकदम न देता दोन आठवड्यांत चढत्या मात्रेने दिलं तर अँटिबॉडी दहापटींहून जास्त होते. इतक्या वेळा टोचणं व्यवहारात कोण करणार? २०२४ मध्ये त्यांनी ते दोन टोचण्यांवर आणलं : २० टक्के पहिल्या दिवशी, ८० टक्के सातव्या दिवशी. पहिल्या २० टक्क्यांवर थोडी अँटिबॉडी तयार होते, ती दुसऱ्या टोचणीतलं प्रतिजन पकडून जननकेंद्रात नेऊन ठेवते.

हे करून बघायचं असेल तर दुसरी टोचणी त्याच बाजूला, त्याच जागी हवी, कारण जननकेंद्र त्याच ग्रंथीत उघडलेलं असतं. एकदम डोस दिलेल्या गटाला सातव्या दिवशी त्याच जागी सलाइन टोचायचं, म्हणजे टोचण्यांची संख्या सारखी राहते. ॲडजुव्हंटही २०-८० असंच फोडायचं, की तो दोन्ही वेळा पूर्ण द्यायचा, हे आधी ठरवून वहीत लिहायचं. आणि ग्रंथी कधी काढायच्या? पहिल्या टोचणीपासून चौदावा दिवस म्हणजे दुसरीपासून सातवाच. एकाच दिवशी काढल्या तर दोन्ही गटांची घडी सारखी नसते. म्हणून चौदावा आणि एकविसावा असे दोन्ही दिवस धरतो. दोन गट, पाच-पाच, म्हणजे दहा उंदीर जास्त. फॉर्म बी, म्हणजे समितीकडे परवानगी मागायचा अर्ज, भरताना ते दहा मागितलेले नसतील तर ऐन चौदाव्या दिवशी पिंजऱ्यासमोर उभं राहून काही करता येत नाही, समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागतं.